बसका नाका

माझ्या मामीचं ठाम मत होतं की स्वातंत्र्य अधिक महिन्यात आणायला नको होतं. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, आणि तो संपायला दोनच दिवस उरलेले असताना देश मोकळा होणार असं ठरलं. "दोन दिवस कळ काढली असती तर निज श्रावण लागला असता," मामी म्हणे, "पण दिल्लीत पंचांग बघतंय कोण!" हे ती अनारसे थापता थापता म्हणे. अधिकाचं वाण जावयाला पाठवायचं होतं, आणि तिचा जावई कोपरगावला. घरभर भिजवून सुकवलेल्या तांदळाचा आंबूस वास. उखळात मुसळ पडत असे आणि दोन घरं सोडून कुंभाराची थापटणी, या दोघांचा ताल कधी जुळे, कधी चुके. वारा पलीकडून असला की मनमाडकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी मधेच येई. मामा ओसरीवर बसून मुलांच्या वह्या तपासत, मी खसखस निवडत असे, आणि अनारसा तुपात सोडला की त्याला जाळी पडते की नाही हे बघायला आम्ही तिघंही कढईवर वाकत असू. फसला तर तो खायचा मान माझा. मी देवाला फसू दे म्हणत असे.

मी नगरहून तिथे आले होते ती राग घेऊन. चळवळीच्या दिवसांत मी शाळेच्या दप्तरातून पत्रकं वाटली, पुढे स्वतः लिहिली, आणि हेडमास्तरीणबाईंना तोंडावर "तुम्ही सरकारचं मीठ खाता" असं सुनावलं. वडिलांनी कपाळाला हात लावून मला मामाकडे पाठवलं, बेलापूरपासून दोन कोसांवरच्या एका गावी. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या भांडणांतले काही जण अजून हयात आहेत. मामा तिथल्या मराठी शाळेचे हेडमास्तर. सहावी-सातवीचे गुरुजी विषमज्वराने अंथरुणाला खिळले, तेव्हा मामा मला म्हणाले, "इंदू, गावाला शिव्या देण्यापेक्षा गावाची पोरं सांभाळ." मी अठरा वर्षांची होते आणि मला जगातलं सगळं कळत होतं. मी सांभाळायला घेतली.

पहिल्याच दिवशी बघितलं, भागा नावाची मुलगी दाराशी वेगळी बसलेली. गावकुसाबाहेर, ओढ्यापलीकडे, महारवाडा. आज कुणी तो शब्द उच्चारत नाही, उच्चारूही नये. पण तेव्हाचं गाव सांगायचं तर तेव्हाचा शब्द घ्यावा लागतो. भागा तिथली. मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. पोरं तोंडं वासून ऐकत राहिली आणि जागच्या जागी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी मामांनी कानात सांगितलं तसं मी सगळ्यांना अंगणात काढलं, जमिनीवर काटक्यांनी चित्रं काढायला लावली. चित्राभोवती वाकलेल्या पोरांत कोण कुठे बसलंय हे कुणी बघेना. माझं भाषण वाया गेलं याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

चित्रं कसली, तर एका रेघेची कोडी. ही विद्या मला पत्रकांनीच दिली होती. नगरला आमच्या गटात एक कॉलेजातला दादा होता. तो कोळशाने फरशीवर पेठेतले बोळ काढी आणि विचारी, सगळ्या बोळांत पत्रकं पडली पाहिजेत, पण एका बोळातून दोनदा जायचं नाही, दुसऱ्यांदा गेलीस की नाक्यावरचा शिपाई चेहरा ओळखतो. सांग, कुठून निघशील? त्या प्रश्नाने मला कित्येकदा पोलिसांपासून वाचवलं. आता तोच प्रश्न मी पोरांपुढे टाकला. आधी उघड्या लिफाफ्याचं चित्र: एक चौकोन, त्यात समोरासमोरचे कोपरे जोडणाऱ्या दोन तिरप्या रेघा, आणि वर टोपीसारखं त्रिकोणी झाकण. काटी जमिनीवरून उचलायची नाही, एकदा ओढलेल्या रेघेवरून परत जायचं नाही.

"बाई, जमलं!"

"उचलली की रं तू काटी!"

"न्हाई उचलली! आईच्यान!"

"आईला कशाला आनतो मधी, म्या बघितली ना!"

आईची शपथ घेणारा हा पोपट, आबा पाटलांचा नातू. गोरापान, उर्मट, आणि हरला की रडणारा. तो शेंड्यापासून निघे आणि दर वेळी एक रेघ शिल्लक राहून फसे. भागाने मात्र खालच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि काटी सरळ उजव्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. पोरं ओरडली. मग सगळी खालच्या कोपऱ्यांपासून काढायला लागली आणि सगळ्यांना जमलं. असं का होतं, हे मात्र कुणी सांगेना.

मग मी लिफाफ्याचं झाकण पुसलं, नुसता चौकोन आणि आतली फुली ठेवली, आणि जाहीर केलं की जो हे काढील त्याला माझ्या मामीच्या हातचा अनारसा. दोन दिवस अंगणात धूळ उडत होती. जेवणाच्या सुट्टीत पोरं भाकरी हातात धरून रेघा ओढत होती. घरी मामीला हे सांगितलं तर ती झारा घेऊन उभी राहिली.

"आणि ते काढता येतं का?"

"नाही मामी. कुणालाच येणार नाही."

"म्हणजे न होणाऱ्या गणितावर माझे अनारसे लावलेस? पोरांना फसवतेस? आणि वर इंग्रजाला लबाड म्हणतेस!"

तिने त्याच संध्याकाळी पितळी डबा भरून दिला. वाटताना पोपट म्हणाला, "बाई, जमलं न्हाई तरी मिळतो व्हय?" आणि भागा म्हणाली, "हे जमनारच न्हाई, बाई. मला कळलं का ते." तिने खसखस लागलेल्या बोटाने जमिनीवर एक ठिपका काढला. "ह्यो नाका. दोन वाटा आसल्या तर पाव्हना आला, गेला. चार आसल्या, आला, गेला, आला, गेला. तीन आसल्या तर?" तिने सगळ्यांकडे बघितलं. "आला, गेला, आला... आन् बसला!"

"बसला!" सगळं अंगण ओरडलं. त्या दिवसापासून ज्या नाक्याला एक, तीन, पाच अशा बिनजोडीच्या वाटा असतील तो आमच्यात बसका नाका. बसक्या नाक्यात एक तर वाट सुरू होते नाही तर संपते. दोन बसके असले तर एकापासून निघून दुसऱ्यावर थांबायचं. चार असले तर नाद सोडायचा. परवा माझ्या नातीने कॉलेजचं पुस्तक दाखवलं, त्यात याचं प्रकरण होतं, भारदस्त नाव होतं, सिद्धता होती. मी वाचली. भागाची जास्त चांगली होती.

अशात चावडीवर बैठक भरली. स्वातंत्र्याच्या सकाळी प्रभातफेरी निघणार, ती शाळेपाशी येणार, शाळेत झेंडा. मी न बोलावता गेले आणि उभं राहून विचारलं, फेरी महारवाड्यात जाणार की नाही? आबा पाटील उंच, बारीक, आवाजाला गोड. ते म्हणाले, "बाई, आमची ना कुठं हाय? सवराज समद्यांचं. पर आपल्या गावाची रीत हाय. पालखी आसू द्या न्हाई तर फेरी, मारुतीपासून निगती, समद्या आळ्या घेती, आन् एका आळीतनं दोनदा जात न्हाई. आल्या वाटंनं माघारी फिरायचं ते मयताला जाऊन. शुभाच्या कामाला न्हाई. आता म्हारवाड्याला वाट येकच. गेलं की माघारीच यावं लागतंय. तुमी वाट दावा, म्या सवता म्होरं चालतो. शबुद देतो."

लोक हसले. मी संतापाने तरातरा घरी आले आणि कंदील जवळ ओढून पत्रक लिहायला बसले. 'ढोंगी गावकऱ्यांनो' अशी सुरुवात होती. पुढे भाषा सौम्य होत गेली असं नाही. मामांनी वाचलं, चष्मा पुसला. "व्याकरण उत्तम आहे," ते म्हणाले. "पण ज्यांना हे वाचता येईल ते आधीच तुझ्या बाजूचे आहेत. आणि ज्यांच्यासाठी लिहिलंस त्यांना वाचता येत नाही." मला त्यांचाही राग आला. पण पाटलांच्या बोलण्यातला एक शब्द डोक्यात घोळत होता: वाट दावा. वाट दाखवणं तर माझा धंदा!

दुसऱ्या दिवशी अंगणात मी गाव काढलं. वेशीतून दोन आळ्या आत जात, एक पेठेची, सरळ मारुतीपर्यंत, आणि एक कुंभारआळी, चावडीकडे. चावडीपासून पुढे एक आळी मारुतीला मिळे. मारुतीपासून पिंपळाच्या पाराकडे दोन बोळ, एक वाण्यांचा, एक माळ्यांचा. आणि वेशीबाहेर ओढा ओलांडून महारवाड्याची एकुलती एक वाट. बेलापूरची सडक धरायची नाही, ती गावाची नव्हे. "मारुतीपासून निघून सगळ्या वाटा काढा," मी म्हटलं, "एकही दोनदा नको." पोरं जिंकतील आणि मी चावडीवर जाऊन पाटलांचं नाक खाली करीन, असं सगळं मी मनात रचून ठेवलं होतं.

पोरं खपली. घाम पुसत पोपट उठला, आणि त्याच्या तोंडावर हसू मावेना. "बाई, आमचे आबा खरं बोलत्यात. मारुतीपासनं न्हाई जमत."

"नीट बघा!"

"बघितलं. मारुतीला चार वाटा, तो बसका न्हाई. बसक्या नाक्यापासनंच निगावं लागतं, तुमीच शिकिवलं."

मला माझ्याच शिकवणीने तोंडघशी पाडलं होतं. मी काहीतरी रागाचं बोलणार होते, बोललेही असेन. भागा अजून गावावर वाकलेली होती. वेशीवर तिने बोट ठेवलं. "ही वेस," ती स्वतःशीच पुटपुटली. "आत दोन, बाहीर येक. तीन. बसकी." मग बोट ओढ्यापलीकडे. "आन् आमचं दार. येकच वाट. बसकं." तिने वर बघितलं. "दोनच हायती, बाई. लिफाफ्याला बी दोनच हुते."

मग पोपटने, हो, त्या उर्मट पोपटनेच, काटी उचलून भागाच्या दाराशी टेकवली आणि सरळ ओढत आणली: ओढा, वेस, कुंभारआळी, चावडी, मारुती, वाण्यांचा बोळ, पार, माळ्यांचा बोळ, परत मारुती, पेठ, आणि वेस. एकही वाट उरली नाही. आणि वेशीला लागूनच तर शाळा, जिथे झेंडा लागणार! "आयला," पोपट म्हणाला, "म्हंजे भागीच्या दारातनं निगायचं?" आणि मग जो गलका झाला त्याने मामा वर्गातून धावत बाहेर आले. त्यांना वाटलं साप निघाला.

माझा आनंद दुसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे जाईपर्यंत टिकला. भागाचे वडील लढाईतून परत आलेले, पलटणीतले. दाराशी बसून ते बुटाला तेल लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, दारात गाव येतंय का गणित येतंय?"

"दोन्ही," मी म्हटलं.

"गणित आलं. ते पोरीनं रातीच सांगितलं मला. गावाचं म्या इच्यारतो." बूट खाली ठेवत ते म्हणाले, "आत्तापत्तूर गावानं आमाला बोलिवलं न्हाई, त्याचं आमाला काय वाटत न्हाई, सवय हाय. पर उद्या पोरगी नवा परकर नेसून दारात हुबी ऱ्हाईल. आन् कुनी आलंच न्हाई तर? ते तिला जलमभर पुरंल. तुमी नगरला जाल."

मी म्हटलं, "मी येईन." ते म्हणाले, "तुमी येनार हे म्हाईत हाय मला." आत चुलीपाशी भागा होती. तिने ऐकलं असणार, कारण ती बाहेर आली आणि बापाला म्हणाली, "दादा, म्या हुबी ऱ्हानार. न्हाई आलं कुनी तर न्हाई आलं." मग ते हसले आणि मला म्हणाले, "घ्या. ही बी तुमच्यासारखीच निगाली."

चावडीवर मी या वेळी तोंड उघडलं नाही. पोरांनीच पाटलांपुढच्या मोकळ्या जागेत गाव काढलं. आबांनी स्वतःची काठी घेतली. "मारुतीपासनं का जमंना? बघू." ते निघाले, फिरले, वेशीत आले, ओढा ओलांडून पलीकडे गेले, आणि काठी तिथेच थांबली. पेठ अजून मोकळीच होती.

"बसला!" पोरं एकमुखाने ओरडली.

"कोन बसला रं?"

"तुमी, आबा!" पोपट म्हणाला.

चावडी हसली, या वेळी पाटलांना. त्यांनी पुन्हा काढलं, पुन्हा बसले. मग पोपटने त्यांच्या हातातली काठी काढून घेतली आणि भागाच्या दारापासून वाट ओढून दाखवली. एक म्हातारा म्हणाला, "आबा, शबुद दिलाय बरं का." आबांनी त्याच्याकडे रोखून बघितलं. "मला ठावं हाय काय दिलंय ते," एवढंच म्हणून ते उठले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत.

स्वातंत्र्याच्या सकाळी आभाळ गच्च होतं पण पाऊस नव्हता. मी आणि मामा निघालो तर मामी पदर खोचून उंबऱ्यात उभी. "मी पण येते. एवढी रेघ रेघ चाललीय, डोळ्यांनी बघू तरी." ओढ्यात घोट्यापर्यंत पाणी होतं. मामीने लुगडं वर धरलं, "अधिकात काय काय करावं लागतंय," असं म्हणत पलीकडे गेली. महारवाड्याची वाट सारवलेली, शिंपडलेली. घराघरांतून माणसं दाराशी उभी. शाळेतली बरीच पोरं आधीच येऊन पोचली होती, काही आईबापांना न सांगता. भागा दारात, हातात पाटी, पाटीवर गाव. तिचे वडील मागे, पलटणीचे बूट घालून, ताठ. ओढ्यापलीकडे वेशीत गावातले लोक जमलेले दिसत होते. ते तिथेच उभे होते. कुणी पाण्यात पाय घालत नव्हतं.

आम्ही थांबलो. एका पोराने घोषणा दिली, ती अर्ध्यावरच विरली. मी भागाकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात वेशीतली गर्दी दुभंगली आणि पांढरा फेटा पुढे आला. आबा पाटलांनी जोडे हातात घेतले, ओढा ओलांडला, आणि वाट चढून सरळ भागाच्या दाराशी आले. पोपट आनंदाने नाचायलाच लागला, आणि मग त्याच्या डोक्यात काहीतरी आलं. "आबा! तुमी या वाटंनं आलात आन् आता ह्याच वाटंनं जानार! दोनदा झालं!"

"गप रं," आबा म्हणाले. "म्या आलो तवा फेरी सुरू झाली न्हवती."

मामी इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. भागाच्या आईने पाण्याचा तांब्या पुढे केला नाही, आणि आबांनी मागितला नाही. ते पाणी चालू व्हायला आणखी पुष्कळ वर्षं आणि पुष्कळ भांडणं लागली. त्यातली काही मी केली. पण त्या सकाळी फेरी निघाली ती भागाच्या दारातून, पुढे आबा, त्यांच्या शेजारी पाटी धरलेली भागा, मागे तिचे वडील, महारवाड्यातली माणसं, पोरं, मामा, मामी आणि घसा फाटेपर्यंत ओरडणारी मी. सगळी पाण्यातून आरपार गेली. वेशीतल्या लोकांना एक तर बाजूला व्हायचं होतं नाही तर सामील व्हायचं होतं, आणि पाटलाच्या मागे न जाण्याची गावाला सवय नव्हती.

वेशीत वाट फुटत होती. उजवीकडे पेठ, डावीकडे कुंभारआळी. आबा थबकले. त्यांच्यामागे सगळं गाव थबकलं. त्यांनी वाकून पाटीत बघितलं, त्यांना काही उमगेना, आणि ते त्या पोरीला म्हणाले, "आता कंच्या अंगाला, गं बाय?"

"डावीकडं, आबा," भागा म्हणाली.

आणि सगळं गाव डावीकडे वळलं.